पावती ट्रंकेत आहे

प्रिय काकू,

माझं माहेर शहापूरचं, सासर खानापूर तालुक्यात. वय 57. 2008 साली थोरल्याच्या इंजिनिअरिंगच्या फीला पैसे कमी पडले. आईच्या कपाटात साडेतीन तोळ्यांच्या दोन पाटल्या होत्या. त्या मी उचलल्या आणि मोडल्या. ह्यांचा बोनस आला की तशाच करून ठेवायच्या असं मनात होतं. खरं आठ दिवसांतच आईनं कपाट उघडलं आणि वहिनीवर आळ घेतला. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. तोंडातून शब्द निघाला नाही. वर्षभरात भाऊ वहिनीला घेऊन निपाणीला वेगळा झाला. आई 2014 साली वारली, शेवटपर्यंत वहिनीलाच चोर म्हणत. वहिनीला अजून माहीत नाही.

17 वर्षं मी रोज रात्री क्षमा मागते. ठरलेली प्रार्थना, सात वेळा. मध्ये एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. उपवास केले. उज्जीवन सभेत तीनदा पुढं गेले. त्या रात्री हलकं वाटतं, सकाळी दूध तापवताना परत तेच. प्रभुभोजनाच्या रविवारी, चर्चमध्ये भाकर आणि प्याला घ्यायचा असतो तेव्हा, पोटाचं निमित्त सांगून घरी राहते. ज्या पापाची कधीच क्षमा नाही असं मार्कच्या शुभवर्तमानात लिहिलंय, ते हेच का? शेजारची कॅथलिक बाई म्हणते, आमच्यात कुमसाराला, म्हणजे फादरपुढं पापं कबूल करायला जायचं, ते तोंडानं सांगतात क्षमा झाली म्हणून. आपल्या प्रोटेस्टंटांत असं कोण सांगणार? मला क्षमा झाली हे मला कळायचं कसं?

तुमची एक वाचक (नाव-गाव छापू नका)

---

काकू म्हटलंस, तेव्हा अगं-तुगं करते. 74 वर्षांच्या बाईला तेवढी मोकळीक असते. नाव-गाव काढलंच आहे, शिवाय पत्रातल्या दोन गोष्टी मी मुद्दाम बदलल्यात. शहापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात.

आधी मार्कचं उरकते, कारण पोटात भीतीचा गोळा असला की पुढचं काही वाचवत नाही. तिसरा अध्याय उघड आणि 29व्या वचनावर थांबू नकोस, 30वंही वाच. येशू ते कुणाला म्हणाला? यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांना. डोळ्यांदेखत माणसं बरी होत होती आणि हे म्हणत होते, याच्या अंगात भुतांचा सरदार आहे. देवाचं काम समोर दिसत असताना त्याला सैतानाचं म्हणायचं, तेही छाती पुढं काढून, असा तो मामला. ती मंडळी रात्र रात्र जागून ‘आम्हाला क्षमा होईल का’ म्हणून रडत नव्हती. तू रडतेस. आणि त्याच्या आधीचं 28वं वचन लोक गिळूनच टाकतात: माणसांना सगळ्या पापांची क्षमा होईल. पाटल्या त्या ‘सगळ्या’त येतात.

आता माझ्या वडिलांची एक गोष्ट ऐक. आम्ही चिकोडी भागातले. मी आठ-नऊ वर्षांची असेन. वडिलांनी बैलजोडीसाठी गावच्या सोसायटीतून (आता सगळे कृषी पत्तीन म्हणतात) कर्ज काढलं होतं आणि एका वर्षी पावसानं दगा दिला तसं ते थकलं. सेक्रेटरी घरी यायचा, ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि जाताना आकडा सांगायचा. त्या आकड्यानं आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मग थोरले चुलते मिलिटरीतून रिटायर होऊन आले. कुणाला न विचारता ते सोसायटीत गेले, मुद्दल-व्याज सगळं भरलं आणि पावती आणून वडिलांच्या हातात दिली. वडिलांनी ती ट्रंकेत ठेवली, आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत.

आणि त्यानंतर दोन वर्षं ते सोसायटीच्या दारावरून गेले नाहीत! बाजाराला जायचं तर ओढ्याकडच्या बांधावरून, पावसाळ्यात चिखल तुडवत. रस्त्यानं पाच मिनिटं, बांधावरून वीस. आम्ही पोरं विचारायचो तर म्हणायचे, तिकडनं सावली आहे. शेवटी सेक्रेटरीनंच त्यांना बाजारात गाठलं आणि म्हणाला, “पावती तुमच्याजवळ हाय की ओ. मग बांधावरनं का जातायसा?”

कर्ज फिटलंय हे वडिलांना माहीत होतं. फिटल्यासारखं वाटत नव्हतं, एवढंच. त्यांना वाटो न वाटो, सोसायटीच्या वहीत त्यानं एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही.

योहानाच्या पहिल्या पत्रातलं 1:9 तुला पाठ असेल. सगळ्यांना असतं, म्हणूनच ते कुणी वाचत नाही. “जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील.” ‘दयाळू व कनवाळू आहे म्हणून’ असं का नाही लिहिलं? दया म्हणजे देणाऱ्याची मर्जी. आज आली, उद्या नाही आली. योहान लिहितो, न्यायी. हे आपल्याला उलटं वाटतं, कारण न्यायी म्हटला की त्यानं शिक्षा करायला हवी. खरं सोसायटीचं बघ. एकदा कुणी सगळं भरलं आणि पावती फाडली, की त्याच कर्जासाठी पुन्हा आमच्या ओट्यावर येऊन बसणं हा अन्याय झाला असता. सेक्रेटरी कितीही खडूस असता तरी त्याला येता आलं नसतं. ख्रिस्तानं वधस्तंभावर आपलं भरलं असं आपण मानतो ना? मग देव तेच तुझ्याकडं दुसऱ्यांदा मागणार नाही. त्याच्या न्यायात ते बसत नाही. मला हे चाळिशी उलटल्यावर उमगलं. तोवर मीही रोज सकाळी त्याचा मूड कसा आहे ते बघायला गेल्यासारखी प्रार्थनेला बसायची.

त्या वचनातला दुसरा शब्द, ‘पदरी घेतली’. ‘कबूल केली’ म्हटलं की कोर्टातलं वाटतं. पदरात बाई काय काय घेते? ओटीचा नारळ घेते, शेतातनं आणलेल्या शेंगा घेते, पोरकं झालेलं दिराचं पोर घेते. पदरात घेतलं ते आपलं. मग ते दुसरीच्या पदरात टाकता येत नाही. हा शब्द लक्षात ठेव, मी परत त्याच्याकडं येणार आहे.

आता ‘वाटण्या’बद्दल. उज्जीवन सभावाल्यांवर माझा जुना राग आहे. माणसाला पुढं बोलवायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि माइकवर विचारायचं, आता शांती वाटते का? नाही वाटली तर तो बिचारा पुढच्या वर्षी परत पुढं. दरवर्षी तेच हात वर होतात, हे स्टेजवरच्यांना दिसत नसेल का? बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीनं 1820 साली काम सुरू केलं आणि 1904 मध्ये ते मेथडिस्टांच्या हाती दिलं, म्हणून इथले आपण बरेचजण मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या त्या पंथाचे. आणि मेथडिस्ट म्हटलं की पंथाचा मूळपुरुष जॉन वेस्ली याची 24 मे 1738ची रात्र ठरलेली. लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावर एका छोट्या बैठकीत कुणीतरी रोमकरांच्या पत्रावरची मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमाराला वेस्लीच्या मनाला एकाएकी ऊब लागली आणि ख्रिस्तानं माझी, माझीसुद्धा पापं काढून टाकली अशी खात्री त्याला झाली. एवढं सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. त्याच रात्री घरी परतल्यावर मोहांनी त्याला घेरलं, हे त्यानंच रोजनिशीत लिहून ठेवलंय. आठ महिनेही झाले नाहीत तर जानेवारी 1739 मध्ये तो त्याच रोजनिशीत लिहितो, मी ख्रिस्ती नाही. ऊब गेली होती. तरी त्याच वर्षी तो ब्रिस्टलकडं उघड्या माळावर खाणकामगारांपुढं बोलायला उभा राहिला, आणि पुढं पन्नासेक वर्षं बोलत राहिला. तुला सभेच्या रात्री लागलेली झोप खोटी नव्हती गं. फक्त तिच्यावर घर बांधता येत नाही.

‘सात वेळा, शब्द चुकला तर पहिल्यापासून’ हे वाचून मात्र मी थबकले. याला भक्ती म्हणू नकोस. मोजल्याशिवाय चैन पडत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो मनाचा आजारही असू शकतो आणि त्याला औषध असतं. धारवाडला डिमहान्स हे मनाच्या आजारांचं सरकारी इस्पितळ आहे, बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर बसतात, आणि घरातनंच बोलायचं तर 14416 वर टेली-मानस ही सरकारी फोनसेवा, पैसे पडत नाहीत. शुगर वाढली तर तू पास्टरांकडं गोळी मागायला जात नाहीस. आजपासून ती प्रार्थना एकदाच. चुकली तर चुकलेली. आमेन म्हणायचं आणि दिवा बंद करायचा.

शेजारणीच्या बोलण्यात तथ्य आहे. क्षमेचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडावा लागतो. आपल्याच डोक्यातला आवाज आपल्याला पटत नाही. आपल्यातही तो शब्द आहे. उपासनेत सगळ्यांनी मिळून पापकबुली म्हटल्यावर पाळक क्षमेची वचनं वाचतात. त्या वेळी आपण पुढच्या गीताचा नंबर शोधत असतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सरळ लिहिलंय. आपण प्रोटेस्टंटांनी देवाच्या आणि आपल्या मधे कुणी नको म्हणता म्हणता समोरही कुणी ठेवलं नाही. तेव्हा जिच्या तोंडात तीळ भिजतो अशी एक बाई शोध, पाळकबाई असो नाहीतर जुनी मैत्रीण. तिला सगळं सांग आणि म्हण, आता योहानाचं ते वचन माझ्यासमोर मोठ्यानं वाच, ‘आपल्या’च्या जागी माझं नाव घालून.

खरं तुझ्या शेजारणीनं अर्धंच सांगितलं. कॅथलिक चर्चनं 1992 साली काढलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात याच विषयाशी लागून लिहिलंय की फादरनी पापविमोचन दिलं म्हणून पापानं झालेलं नुकसान भरून निघत नाही. चोरलेलं परत करावं, ज्याची बदनामी झाली त्याचं नाव त्याला परत मिळवून द्यावं. तुझं पत्र समोर ठेवून लिहिल्यासारखं आहे. फादरनीही तुला निपाणीलाच पाठवलं असतं.

‘वहिनीला अजून माहीत नाही.’ एवढ्या मोठ्या पत्रात हे चार शब्दांचं वाक्य. त्याच्या पुढं सगळं देवाबद्दल. मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा इथंच अडले. मला वाटतं, वहिनीकडं मागायची माफी तू 17 वर्षं देवाकडं मागते आहेस. देव ती कुठून देणार? त्याची त्यानं केव्हाच दिली असेल, पहिल्याच रात्री. वहिनीची वहिनीजवळ आहे. तू भलत्याच खिडकीपुढं रांग धरून ‘माझं काम होत नाही’ म्हणतेस.

आता पदर आठव. देवासमोर, अंधारात, तू ते पाप पदरी घेतलंस. खरं शहापुरातल्या त्या गल्लीत, भावाच्या घरात, सगळ्या सोयऱ्यांत ते आजही वहिनीच्या पदरात आहे. सासूच्या मयताला ती आली असेल, तेव्हा बायका तिच्याकडं कशा बघत होत्या ते तू पाहिलं असशील.

मनात टोचणारे आवाज दोन असतात. एक नुसता म्हणत राहतो, तू वाईट, तू वाईट. काय कर ते सांगत नाही. प्रकटीकरणात सैतानाला ‘दोष देणारा’ म्हटलंय तो हा. दुसरा पत्ता सांगतो. गल्ली, दार, माणसाचं नाव. दूध तापवताना तुला कुठला ऐकू येतो ते तुलाच ठाऊक. माझ्या मते दोन्ही, एकात एक मिसळून. त्यामुळं पहिल्याला गप्प करायला तू उपवास करतेस, त्यात दुसराही गप्प होतो आणि सकाळी परत बोलायला लागतो.

तू म्हणशील, दाविदानं 51व्या स्तोत्रात ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले’ म्हटलंय. म्हटलंय खरं. खरं ज्याची बायको दाविदानं घेतली आणि ज्याला मारवलं, तो उरीया मेला होता. दाविदाला त्याच्या दारात जाता येत नव्हतं. तुझ्या वहिनीचं दार निपाणीत आहे. तुझ्या आईचं मात्र बंद झालं. ती चुकीचं समजून गेली हे तुझ्या काळजात राहणार, आणि ते काढायचं औषध माझ्याजवळ नाही.

आता एखादा वचनं जाणणारा वाचक लगेच मला पत्र लिहायला घेईल. बाई, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात दान वेदीपुढं ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. जुन्या करारातल्या लेवीयाच्या सहाव्या अध्यायातही आधी चोरलेलं पाचवा हिस्सा जोडून परत, मग अर्पण. मग वहिनीनं माफ केल्याशिवाय देव करत नाही असंच झालं की! तसं नाही. इथं घसरलीस तर तुझं तारण वहिनीच्या दाराच्या कडीला टांगलंस म्हणून समज. तिनं कडीच काढली नाही तर? जक्कयाचं बघ. यरीहोचा मुख्य जकातदार, गावाला लुटून गबर झालेला. येशू आधी त्याच्याकडं राहायला गेला. सगळे कुरकुरले, पापी माणसाकडं उतरला म्हणून. जक्कय त्यानंतर उभा राहून म्हणाला, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. चौपट कबूल करून घेऊन येशू आला नव्हता. मत्तयातलं वचन मी असं वाचते की उपासनेच्या आड लपू नकोस. तू लपलीस, उपवासांच्या आड आणि सभांच्या आड. रागावू नकोस, मीही लपलेय माझ्या काळी, त्याची गोष्ट पुन्हा कधी.

प्रभूची प्रार्थना आपण मराठीत म्हणतो तेव्हा ‘ऋण’ म्हणतो: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे सोड. कानडी उपासनेत त्याच जागी ‘तप्पु’ येतं, म्हणजे चूक. आपल्याकडं दोन्ही उपासनांना बसणारी घरं आहेत, मीही कधी कधी बसते, आणि तो शब्द आला की दरवेळी कान टवकारतात. चूक पुसली जाते. ऋणाला वजन असतं. तुझं देवाच्या वहीतलं फिटलं. वहिनीच्या वहीत साडेतीन तोळे आणि 17 वर्षं अजून बाकी आहेत.

तर जायचं कसं ते सांगते. फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. नवऱ्याला माहीत नसेल तर आधी त्याला सांग, उगाच दुसरीकडून त्याच्या कानावर जायला नको. भाऊ घरात असेल असा दिवस बघ, आळ त्याच्याही घरावर आला होता. पवित्र शास्त्र पिशवीत असू दे, बाहेर काढू नकोस. ‘देवानं मला माफ केलं, आता तूही कर’ हे तोंडातून येता कामा नये. ते खरं असलं तरी त्या घडीला ती तिच्यावरची जबरदस्ती होते. रडूही आवर. तू रडायला लागलीस की ती पाणी आणायला उठेल, तुझीच समजूत काढत बसेल, आणि हे तर तू आधीच तिला पुष्कळ करायला लावलंयस. एवढंच सांग: पाटल्या मी नेल्या. आईनं तुझं नाव घेतलं तेव्हा मी समोर शेंगा सोलत होते आणि गप्प बसले. फीचं कारण तिनं विचारलं तर सांग, आपणहून नको. मग तिला बोलू दे. ती शिव्या घालेल, ऊठ म्हणेल, चहासुद्धा विचारणार नाही. किंवा म्हणेल, मला माहीत होतं. अशा बायकांना पुष्कळदा माहीत असतं.

शहापुरात ज्या मावश्या-आत्यांपुढं आईनं ते बोलून दाखवलं, त्यातल्या ज्या हयात आहेत त्यांनाही सांगायला लागेल. पण वहिनीला विचारून. तिला तो विषय गल्लीत परत नको असेल तर नको; ते आता तिनं ठरवायचं.

सोनं नेलंस, सोनंच दे. 2008च्या भावानं पैसे मोजू नकोस, ती दुसरी चोरी होईल. लेवीयातला पाचवा हिस्सा धरलास तर साडेतीनाचे 4.2 तोळे होतात. आजच्या भावात आकडा ऐकून खाली बसशील, मला कळतं. एकदम होत नसेल तर बिशी लाव, वर्ष दोन वर्षं लागू देत. ती नको म्हणाली तर ओट्यावर ठेवून पळून येऊ नकोस, परत आण आणि काही महिन्यांनी पुन्हा विचार. मुलाला सांगायचं का, हे तुझं तू बघ. मी असते तर सांगितलं असतं. त्याच्या डिग्रीत वहिनीचंही काही आहे.

राहिलं प्रभुभोजन. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, ‘अयोग्य प्रकारे’ खाणारा दोषी ठरतो हे, तुला भिववतं ना? अकरावा अध्याय सगळा वाच. तिथं काही जण आधीच खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उपाशी बसायचे, त्यावर पौल चिडलाय. आणि 28वं वचन काय म्हणतं? “माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे.” खावे! परीक्षा करून घरी बसावे असं नाही. 17 वर्षं पोट दुखतंय तुझं. निपाणीला जायचं एकदा मनानं पक्कं केलंस की येत्या प्रभुभोजनाला जा. तो रविवार निपाणीच्या आधी आला काय आणि नंतर आला काय, वहिनी काय म्हणाली यावर तो प्याला ठरत नाही.

निपाणीहून परतल्यावर तुला हलकं वाटेल का, सांगता येत नाही. माझे वडील त्या सेक्रेटरीच्या बोलण्यानंतर पुढच्या बाजाराला रस्त्यानं गेले. मी बरोबर होते. सोसायटीचं दार जवळ आलं तशी त्यांची चाल वाढली आणि माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. त्याच्या पुढच्या बाजाराला जरा कमी. कधीतरी त्यांनी तिथंच थांबून सेक्रेटरीला तंबाखू मागितलेली मला आठवते.

सकाळी लवकर निघ. बेळगावला बस बदलावी लागेल. निपाणीवरनं जाणारी कोल्हापूरची महाराष्ट्राची एसटी आधी लागली तर तिच्यात चढू नकोस, आपली शक्ती योजना तिथं चालत नाही. कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये 2023 पासून बायकांना पैसे नाहीत, खरं आधार कार्ड जवळ ठेव, आणि शून्य रुपयांचं असलं तरी तिकीट कंडक्टरकडनं मागून घे.